सहीआधी रस्ता जोडा : भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, भंडारा



वरठीच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांमध्ये हल्ली चुन्याच्या रेषा दिसू लागल्या आहेत. सिमेंटचे ठेंगणे खांब, तोंडाशी लोखंडी कमान, कमानीवर ‘एन.ए. टी.पी. प्लॉट’ (अकृषिक, नगररचना-मंजूर) असा फलक आणि खाली मोबाइल नंबर. धान परवडत नाही म्हणून शेतकरी जमीन विकतो. भाड्याच्या खोलीला कंटाळलेला नोकरदार कर्ज काढून प्लॉट घेतो. यात कुणाचंच काही चुकत नाही आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. या ले-आऊटच्या नकाशांना नगररचना विभागाच्या शिफारशीसह आपल्या कार्यालयातून जी मंजुरी मिळते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. घर तीस-चाळीस वर्षांत पाडून नवं बांधता येतं. त्या कागदावर एकदा आखलेला रस्ता मात्र शंभर वर्षं हलत नाही. वरठीची माणसं पायी कुठे पोचू शकतील आणि कुठे नाही, हे त्या एका सहीने ठरतं, आणि आज ते फारसा विचार न होता ठरतं आहे.

वरठीला जे लाभलं आहे ते जिल्ह्यातल्या फार थोड्या गावांकडे आहे. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे आली. जिल्ह्याचं गाव रुळांपासून दहाएक किलोमीटर लांब राहिलं आणि भंडारा रोड स्टेशन वरठीच्या वाट्याला आलं. शंभर वर्षांनी पोलादाचा कारखाना आला. १९८४ साली स्थापन झालेल्या सनफ्लॅग कंपनीचं मिश्रधातूचं आणि स्प्रिंगचं पोलाद इथून मोटारगाड्यांच्या सुट्या भागांसाठी जातं. गाड्यांचं पोलाद घडवणाऱ्या या गावात शिफ्टला सायकलने नाहीतर पायी जाणारे कितीतरी आहेत. रोज नागपूरला अप-डाऊन करणाऱ्यांचीही इथे मोठी बिरादरी आहे. त्यात आता अमृत भारत स्थानक योजनेत भंडारा रोडचं नाव आलं. नागपूरहून आसपासच्या गावांना जोडणाऱ्या ब्रॉडगेज मेट्रोचा सामंजस्य करार २०१८ साली झाला, त्यातही भंडारा रोडचा मार्ग होता. ती गाडी येईल तेव्हा येईल. तिच्या बातमीने जमिनीचा भाव मात्र केव्हाच वाढवला आहे.

म्हणजे वरठी वाढणार हे नक्की. प्रश्न कशी वाढणार एवढाच आहे.

थोडा हिशेब मांडते. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ऐंशी मीटर चालतो, म्हणजे दहा मिनिटांत आठशे मीटर. केंद्र सरकारच्या २०१७च्या स्थानककेंद्री विकास धोरणातही स्टेशनभोवतालचा पाचशे ते आठशे मीटरचा पट्टा पायी चालण्याचा मानला आहे. भंडारा रोड स्टेशन मध्यभागी धरून आठशे मीटरचं वर्तुळ काढलं तर दोनशे हेक्टर जमीन त्यात येते. रूळ, कारखाने, नाले, जुनी वस्ती यांना निम्मी जागा सोडली तरी शंभर हेक्टर उरतात. हेक्टरी पंचवीस घरं म्हटलं, आणि ही काही दाटीवाटी नव्हे, तर अडीच हजार कुटुंबं स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर राहू शकतात.

पण हे गणित सरळ रेषेचं आहे आणि माणूस सरळ रेषेत चालत नाही, रस्ता नेईल तिकडे चालतो. रस्त्याने दीडपट वळसा पडला तर त्याच दहा मिनिटांत पोचता येईल असं क्षेत्र निम्म्याहूनही कमी, शेकडा चव्वेचाळीसवर येतं. दुप्पट वळसा पडला तर चौथाईवर. जमीन तेवढीच, स्टेशन तिथेच, पण पाऊण गाव चालण्याच्या टप्प्याबाहेर गेलं. नकाशावरच्या दोन-चार रेषा चुकीच्या पडल्याने एवढं घडतं.

आणि त्या चुकतात कशा, हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. प्रत्येक ले-आऊट आपापल्या गट नंबरापुरता आखला जातो. मोठ्या रस्त्याला एक तोंड, आत दोन-तीन सरळ गल्ल्या आणि शेवटी कंपाउंडची भिंत. त्या भिंतीपलीकडे दुसरा ले-आऊट, त्याचंही तोंड मोठ्या रस्त्यालाच, त्याच्याही गल्ल्या भिंतीशी संपलेल्या. समजा, माझं घर या ले-आऊटच्या शेवटच्या रांगेत आहे आणि माझ्या मुलीची मैत्रीण भिंतीपलीकडच्या पहिल्या रांगेत राहते. दोन घरांमध्ये वीस मीटरचं अंतर. पण मुलीला तिच्याकडे जायचं तर मोठ्या रस्त्यापर्यंत जा, ट्रक-टिप्परच्या कडेने चाला आणि दुसऱ्या कमानीतून परत आत या. मग मी तिला पायी पाठवत नाही, स्कूटीवर सोडते. उद्या ती अठराची झाली की तिला वेगळी स्कूटी घेऊन देते. घरटी दोन गाड्या, महिन्याचं पेट्रोल आणि जिला गाडी चालवता येत नाही ती म्हातारी सासू दिवसभर घरात. आपण याला प्रगती म्हणतो. खरं तर हा एका भिंतीचा खर्च आहे, आणि तो दर महिन्याला आमच्या खिशातून जातो.

वरठीत दुसऱ्या प्रकारची रचना आजही उभी आहे. जुन्या गावठाणात शिरावं. घरापुढे छपरी, छपरीपुढे ओटा, ओट्याला लागून गल्ली. मागे सांदवाडी, तिच्यातून पलीकडच्या बोळीत निघणारं दार. कोपऱ्यावर किराणा, चार घरं सोडून चक्की, पाराखाली गुजरी मांडून बसलेल्या बाया. कुठलीच गल्ली फार लांब सरळ जात नाही आणि सहसा कुठली आंधळीही नसते. कुठूनही निघालं तरी दोन वाटांनी चौकात पोचता येतं. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढत बोजारा मागायला निघतात तेव्हा ही रचना नीट दिसते. संध्याकाळभरात सातवी-आठवीतलं पोर धाकट्या भावाला घेऊन साठ-सत्तर दारं फिरून येतं आणि कुणाला त्याची काळजी करावी लागत नाही, कारण प्रत्येक ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतं. कमानीच्या ले-आऊटमध्ये तोच सण आई-बापांना गाडीवरून साजरा करावा लागतो.

आता गावठाणाचं एवढं कौतुक केल्यावर त्याचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. ही रचना जातीची होती. कोणाची आळी चौकाजवळ, कोणाची टोली गावाबाहेर, कोणी कोणत्या विहिरीवर जायचं, हे सगळं त्याच गल्ल्यांनी ठरवलेलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला परखड उत्तर दिलं, ते या अनुभवातून. याच भंडाऱ्यातून त्यांनी १९५४ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ती ते हरले, हे या जिल्ह्याने विसरू नये. म्हणून ‘पारंपरिक पद्धतीचं गाव उभारा’ असं म्हणणाऱ्याने आधी सांगितलं पाहिजे की परंपरेतलं काय घ्यायचं आणि काय गाडायचं. घ्यायचं ते अंतराचं मोजमाप, सावली, ओटा, एकमेकींत मिळणाऱ्या गल्ल्या, घराजवळचं दुकान. गाडायची ती वेगळी टोली. अडचण अशी की आजचे ले-आऊट नेमकं उलट करत आहेत. त्यांनी अंतर, सावली आणि ओटा टाकून दिला, आणि टोली मात्र ‘अमुक समाज गृहनिर्माण’ किंवा ‘फक्त नोकरदारांसाठी’ अशा नव्या नावांनी जपली.

परंपरेतलं घ्यायचं आणि गाडायचं वेगळं करून दाखवणारं काम झालेलं आहे आणि महाराष्ट्रातच झालेलं आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी एक वसाहत आखली. लोक तिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं. उंच इमारत एकही नाही. सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. मग त्यांचे समूह एकमेकांना जोडत जोडत ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेपर्यंत. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे सर्वांत गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतला यांच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही आणि अंगण दोघांचं एकच. भिंती सामायिक नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावं, ही त्यामागची योजना.

आज तिथे गेलात तर कोरियांची कौलारू घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी ती पाडून दुमजली-तिमजली सिमेंटची बांधली. काही वास्तुविशारद यावर हळहळतात. मला त्यात त्या आराखड्याचा सर्वांत मोठा विजय दिसतो. घरं गेली, पण अंगणं राहिली, वाटा राहिल्या, एका चौकातून दुसऱ्यात चालत जाता येणं राहिलं. घरावर मालकाचा हक्क होता, तो त्याने वापरला. वाटांवर सगळ्यांचा हक्क होता, म्हणून त्या टिकल्या.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरमध्ये अरण्य ही वसाहत आखली. साधारण ८५ हेक्टर, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, बहुतेक अल्प उत्पन्न गटासाठी. गरिबाला तयार घर देण्याऐवजी जोतं, नळ-संडास आणि एक खोली दिली. पुढचं ज्याचं त्याने बांधावं. मोठ्या रस्त्यालगतचे मोठे प्लॉट चढ्या भावाने विकून आतल्या लहान प्लॉटचा भार हलका केला. गल्ल्या चिंचोळ्या, त्यांत एकमेकांवर सावली टाकणारी घरं, ओट्यांना जागा आणि पायवाटेने जोडलेली मैदानं. या कामाला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. २०१८ साली प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे दोशी पहिले भारतीय ठरले. आपल्याकडे या नावांचे सत्कार होतात, आणि त्यांनी काय केलं ते मात्र नकाशा मंजूर करताना कुणाला आठवत नाही.

इंदूरचाच आणखी एक जुना किस्सा प्रशासनाच्या कामाचा आहे. होळकरांच्या निमंत्रणावरून स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१७-१८च्या सुमारास तिथे आले. प्लेगने गाव हैराण होतं. गेडिस आधी गल्लोगल्ली पायी हिंडले. मग त्यांनी एका दिवसापुरतं राजेपण मागून घेतलं आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या मोहल्ल्यांनी रस्ते आणि घरं सर्वांत स्वच्छ केली असतील त्यांच्यामधून जाईल. कोणता मोहल्ला जिंकणार हे कुणालाच ठाऊक नसल्याने सगळ्या गावाने झाडलोट केली. १९१८च्या अहवालात त्यांचा आग्रह असा की जुन्या वस्तीवर कुऱ्हाड चालवून रुंद रस्ते काढू नका. एखादं पडकं घर काढा, तिथे झाड लावा, चौक मोकळा करा, तुंबलेली गल्ली वाहती करा. आधी चाला आणि मग आखा, हा त्यांचा क्रम होता. आपल्याकडे गुगलच्या नकाशावर आखणी होते आणि चालणं आमच्या वाट्याला येतं.

परदेशात या कामाला वाहून घेतलेली वास्तुविशारदांची मोठी कार्यालयं आहेत. मायामीत आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या दाम्पत्याने १९८० साली काढलेली डी.पी.झेड. ही त्यातली सर्वांत नावाजलेली. मोटारीसाठी पसरलेल्या अमेरिकी उपनगरांना कंटाळून त्यांनी दक्षिणेकडची जुनी गावं मोजली, ओसरी किती खोल, रस्ता किती रुंद, दुकान किती पावलांवर, आणि त्या मापांवर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ऐंशी एकरांत सीसाइड नावाचं गाव आखलं. पाच मिनिटांच्या चालीत रोजची सगळी कामं व्हावीत हा त्यांचा नियम. इंग्लंडमध्ये लिऑन क्रिए यांनी पाउंडबरी आखलं. १९९३ साली बांधकाम सुरू झालेल्या त्या वसाहतीत साधारण पस्तीस टक्के घरं सामान्यांना परवडणारी आणि ती महागड्या घरांमध्येच मिसळलेली. बाहेरून पाहून ओळखू येऊ नयेत अशी.

या दोन्हींतून घेण्यासारखा धडा वेगवेगळा आहे. सीसाइड इतकं देखणं झालं की श्रीमंतांनी सुट्टीची घरं म्हणून ते विकत घेतलं. १९९८च्या ‘द ट्रुमन शो’ या चित्रपटात खोट्या वाटाव्या इतक्या सुंदर गावाचं चित्रण तिथेच झालं. गाव चालण्याजोगं केलं तरी भाव आणि वस्ती यांचं नियोजन नसेल तर चालायला सामान्य माणूस उरत नाही. पाउंडबरीत ते काही प्रमाणात साधलं, कारण जमीन एका मालकाची होती आणि त्याला घाई नव्हती. आपल्याकडे पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात १२०च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, ती विकून मोकळं होण्याऐवजी स्वतःच विकासक झाले आणि नफ्यातले भागीदार राहिले. त्या वसाहतीभोवतीच्या कुंपणाबद्दल माझं मत चांगलं नाही. पण शेतकरी एकत्र आला तर गट नंबरांच्या भिंती पडू शकतात, हे त्यांनी सिद्ध केलं. वरठीतली जमीन मात्र अनेक लहान मालकांची आहे आणि विकत घेणाऱ्याला दोन वर्षांत पैसा फिरवायचा आहे. घाई नसलेला कुणी या व्यवहारात असलाच, तर तो शासन आहे. म्हणून हे पत्र विकासकाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

माझ्या मागण्या पाच आहेत.

पहिली मागणी जोडनकाशाची. स्टेशनभोवतालच्या आठशे मीटरांचा एकच कागद करावा. त्यावर गावठाण, शाळा, दवाखाना, बाजार, नाले, बोड्या, मंजूर झालेले ले-आऊट आणि सगळ्या पांदणी दाखवाव्यात. पांदणी मुद्दाम लिहिते. गावनकाशावर त्यांची नोंद असते, त्या कुणाच्या बापाच्या नसतात, आणि धानाच्या बांध्यांतून त्या नेमक्या माणसांना जायचं असतं तिथेच जातात. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली ती शेतासाठी. शेताचा प्लॉट झाला की हीच पांदण वस्तीची पायवाट होऊ शकते. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये गडप होते. या नकाशासाठी मोठा सल्लागार नको. अशा कामात मुरलेलं नागपूरचं एखादं लहान कार्यालय किंवा तिथल्याच व्ही.एन.आय.टी. या अभियांत्रिकी संस्थेच्या वास्तुशास्त्र विभागातली मुलं एका हिवाळ्यात तो करतील. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातला आहे. झालेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा आणि पुढचा प्रत्येक ले-आऊट त्याच्याशी जुळवून घ्यावा.

दुसरी मागणी आंधळ्या गल्ल्यांची. ले-आऊटला लागून जितके गट असतील, त्या प्रत्येकाच्या हद्दीपर्यंत निदान एक रस्ता जावा, म्हणजे पुढे तो गट विकसित झाला की रस्ता जुळेल. जिथे ले-आऊट आधीच झाले आहेत तिथे भिंतीतून तीन मीटरांची वाट काढावी. चालणाऱ्याला आणि सायकलला पुरे, मोटारीला बंद. विकासक म्हणेल, विकाऊ जमीन गेली. तीन मीटर रुंद आणि प्लॉटच्या खोलीएवढी, म्हणजे तीस मीटर लांब वाट धरली तर नव्वद चौरस मीटर होतात. हजार चौरस फुटांच्या एका प्लॉटपेक्षाही कमी. सुरक्षिततेची शंका रहिवासी घेतील. त्यांना गावठाणाकडे पाहायला सांगावं. जिथे लोकांची ये-जा असते तिथे चोर बुजतो. निर्मनुष्य गल्ली आणि झोपलेला चौकीदार त्याला सोयीचा.

तिसरी मागणी उन्हाची आहे. विदर्भात चालण्याबद्दल बोललं की पहिला प्रश्न येतो, पंचेचाळीस डिग्रीत कोण चालणार? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर रस्त्याच्या आखणीतच आहे. नऊ मीटरांचा आतला रस्ता पूर्ण सिमेंटने भरण्याची गरज नाही. साडेपाच मीटरांत दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात. एका बाजूला इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे १.८ मीटरांचा पदपथ, दुसऱ्या बाजूला उरलेल्या १.७ मीटरांत कच्च्या मातीत कडुनिंब आणि करंज. बेरीज नऊच होते. या झाडांची मुळं पावसाचं पाणीही जिरवतील. आज होतं असं की सिमेंटवर सिमेंट चढत जातं, रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पहिल्याच झडीत गल्लीचं पाणी छपरीत शिरतं.

चौथी मागणी मोकळ्या जागेची आणि मिश्र वस्तीची. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सोडली जाते, पण बहुधा नाल्याच्या काठचा, प्लॉट पडत नाही असा तिरपा तुकडा. तिथे पुढे काटेरी तारेचं कुंपण आणि एक बोर्ड उभा राहतो. ही जागा मध्ये असावी, तिच्याभोवती घरांची दारं उघडावीत. बेलापूरच्या अंगणांपेक्षा वेगळं काही मी मागत नाही. एकाच ले-आऊटमध्ये सहाशे, हजार आणि दोन हजार चौरस फुटांचे प्लॉट शेजारी शेजारी असावेत. कोपऱ्यावर नियमात बसणारं दुकान आणि चक्की असावी. शिक्षक, फिटर, भाजीवाली आणि कारखान्यातला ठेकेदारी कामगार एका गल्लीत राहू शकले तर बाबासाहेबांनी ज्या गावाला नकार दिला, त्याहून वेगळं गाव आपण केलं असं म्हणता येईल.

पाचवी मागणी गावठाणाच्या कडेची. जमीन महसूल अधिनियमात २०१७ साली कलम ४२-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांतल्या जमिनीला अधिमूल्य आणि आकारणी भरल्यावर वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज राहिली नाही. शेतकऱ्याची पायपीट वाचली, हे चांगलंच झालं. पण हाच दोनशे मीटरांचा पट्टा शाळा, बाजार, देऊळ, बौद्ध विहार या सगळ्यांना सर्वांत जवळचा आहे, आणि तोच सर्वांत सहज तुकडे पाडता येईल असा झाला. म्हणून जोडनकाशा करताना सुरुवात या पट्ट्यापासून व्हावी. गावठाणातल्या गल्ल्या रुंद करण्यासाठी ओटे तोडण्याचा प्रस्ताव कधी आला, तर तो फेटाळावा. तिथे नाली, दिवे आणि पाणी द्या. रुंदी मागू नका.

आपल्याकडे असा विचार मोठ्या शहरांत उशिरा होतो. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले आणि ते करण्यासाठी आधी दिलेली जागा वाहनांकडून इंच इंच परत घ्यावी लागली. महापालिकेकडे पैसा होता, म्हणून तिला ते जमलं. वरठीला अशी चूक करून मग दुरुस्त करणं परवडणार नाही. गावाकडे एकच गोष्ट मुबलक आहे आणि ती म्हणजे अजून न आखलेली जमीन.

मी वास्तुविशारद नाही. स्टेशनला चालत जाणारी, बाजाराची पिशवी हातात घेऊन परतणारी आणि अंधार पडल्यावर कुठल्या गल्लीतून यायचं याचा विचार करणारी इथली एक रहिवासी आहे. आपल्या बदल्या होतात, विकासक पुढच्या गावाला जातो, रस्ता मात्र आमच्यापाशी राहतो. म्हणून मागण्या पाच केल्या तरी विनंती एकच आहे. वरठीचा पुढचा नकाशा आपल्या टेबलावर येईल तेव्हा त्यावर बोट ठेवून एक प्रश्न विचारावा : शेजारच्या गटात जाणारा रस्ता कुठे आहे? उत्तर नकाशात नसेल, तर सही न करता तो परत पाठवावा.

आपली,
वरठीची एक रहिवासी

प्रत माहितीसाठी : ग्रामसभा, वरठी, नगररचना कार्यालय, भंडारा